मेमरीतला डेटाबेस: क्वेरी शिकायला आणि आराखडा पारखायला

एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायची भाषा, शिकताना बरेच जण आधी सर्व्हर बसवायच्या मागे लागतात. मग पासवर्ड, पोर्ट आणि परवानग्या यांतच दोन संध्याकाळी जातात आणि पहिली क्वेरी राहून जाते. पायथन असेल तर याची काही गरज नाही. २००६ साली आलेल्या २.५ आवृत्तीपासून पायथनसोबत एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं 'एसक्यूलाइट३' हे मॉड्यूल येतं आणि ते संपूर्ण डेटाबेस रॅममध्ये उभा करू शकतं. फाइल तयार होत नाही, सेवा चालू करावी लागत नाही, प्रोग्राम बंद झाला की सगळं पुसलं जातं. शिकणाऱ्याला नेमकं हे पुसलं जाणंच उपयोगी पडतं, कारण बिघडवायची भीती राहत नाही आणि दर वेळी सुरुवात ठाऊक असलेल्या स्थितीतून होते.

एक सूचना आधीच. या लेखातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. सिलेक्ट, क्रिएट टेबल, कनेक्ट असे एसक्यूएलचे आणि पायथनचे शब्द टाइप करताना इंग्रजी अक्षरांतच हवेत. टेबलांची आणि कॉलमांची नावं मात्र खरोखरच देवनागरीत चालतात, अवतरणचिन्हंही लागत नाहीत. आस्कीच्या (इंग्रजी अक्षरांच्या मूळ कोडसंचाच्या) पलीकडचं कोणतंही अक्षर एसक्यूलाइट नावाचा भाग म्हणून स्वीकारतं. नावात मोकळी जागा नको, अधोरेषा वापरा. सरावासाठी मराठी नावं जरूर ठेवा, क्वेरीचा अर्थ डोळ्यांना लगेच लागतो. नोकरीच्या कामात इंग्रजी नावंच बरी, कारण तिथे इतर साधनंही त्या नावांना हात लावतात.

उभारणी

पायथनमध्ये दोन ओळी पुरतात:

इम्पोर्ट एसक्यूलाइट३
जोडणी = एसक्यूलाइट३.कनेक्ट(":मेमरी:")

'मेमरी' हा शब्द लहान लिपीत आणि दोन्ही बाजूंना कोलन, मध्ये मोकळी जागा नाही. एखादा कोलन राहिला तर तक्रार येत नाही, त्या नावाची फाइल डिस्कवर तयार होते. दुसऱ्यांदा प्रोग्राम चालवल्यावर 'टेबल आधीच आहे' अशी चूक आली तर पहिला संशय याचाच घ्या. अवतरणात काहीच लिहिलं नाही तर तात्पुरता डेटाबेस मिळतो, पण तो डिस्कवरचा असतो आणि जोडणी बंद होताच जातो.

पायथन ३.१२ किंवा पुढचं असेल तर टर्मिनलवर 'पायथन -एम एसक्यूलाइट३' एवढं टाइप केलं तरी चालतं, फाइलचं नाव न दिल्यास मेमरीतलाच डेटाबेस उघडतो. एसक्यूलाइटचं स्वतःचं कमांड-लाइन साधन असेल तर तेही फाइलच्या नावाशिवाय सुरू केल्यावर हेच करतं. त्यात 'डॉट मोड बॉक्स' दिलं की निकाल चौकटीत नीट दिसतो आणि 'डॉट टायमर ऑन' दिलं की वेळ कळतो.

जोडणी झाल्यावर लगेच तीन गोष्टी करा.

पहिली, 'सिलेक्ट एसक्यूलाइट_व्हर्जन()' चालवून आवृत्ती बघा. विंडो फंक्शनं (आजूबाजूच्या ओळी बघून हिशोब करणारी) ३.२५ मध्ये (२०१८), रिटर्निंग ३.३५ मध्ये (२०२१) आणि राइट व फुल जॉइन ३.३९ मध्ये (२०२२) आले. ट्यूटोरिअलमधली क्वेरी तुमच्याकडे 'सिंटॅक्स एरर' देत असेल तर बहुतेकदा कारण हेच असतं. पायथन नवीन असला म्हणजे त्याच्यासोबतचं एसक्यूलाइट नवीन असेलच असं नाही, म्हणून पायथनच्या आवृत्तीवरून अंदाज बांधू नका.

दुसरी, 'प्राग्मा फॉरिन_कीज = ऑन'. एसक्यूलाइटमध्ये फॉरिन कीची (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमची) तपासणी मुळात बंद असते आणि ती प्रत्येक जोडणीवर वेगळी चालू करावी लागते. चालू व्यवहाराच्या (ट्रान्झॅक्शनच्या) मध्ये ही आज्ञा दिली तर चूक येत नाही आणि काही घडतही नाही. म्हणून ती जोडणीनंतरची पहिलीच ओळ असू द्या.

तिसरी, 'जोडणी.रो_फॅक्टरी = एसक्यूलाइट३.रो'. यानंतर निकालातली किंमत क्रमांकाऐवजी कॉलमच्या नावाने घेता येते.

सरावाचा डेटा: सहा ओळी पुरे

शिकण्यासाठी हजारो ओळींचा तयार डेटा उतरवून घेण्याचा मोह होतो. तो टाळा. ज्या डेटाचं उत्तर कागदावर काढता येत नाही त्यावर क्वेरी बरोबर आहे की चूक, हे कळायला काहीच मार्ग नसतो. निकाल आला म्हणजे क्वेरी बरोबर, असा समज घट्ट होतो आणि पुढे तोच नडतो. डेटा लहान असावा, पण त्यात अडचणी मुद्दाम पेरलेल्या असाव्यात.

उदाहरणाला कांद्याची बाजारसमितीतली आवक घेऊ. गावं खरी आहेत, आकडे आणि तारखा सरावापुरत्या काल्पनिक.

क्रिएट टेबल समित्या (समिती_क्र इंटिजर प्रायमरी की, नाव टेक्स्ट नॉट नल युनिक, जिल्हा टेक्स्ट नॉट नल) स्ट्रिक्ट;

क्रिएट टेबल आवक (आवक_क्र इंटिजर प्रायमरी की, तारीख टेक्स्ट नॉट नल, समिती_क्र इंटिजर रेफरन्सेस समित्या, क्विंटल इंटिजर नॉट नल, दर इंटिजर) स्ट्रिक्ट;

'समित्या'मध्ये चार ओळी: १ लासलगाव, २ पिंपळगाव बसवंत, ३ सोलापूर, ४ मनमाड. सोलापूरचा जिल्हा सोलापूर, बाकी तिघांचा नाशिक.

'आवक'मध्ये सहा ओळी, दर प्रति क्विंटल रुपयांत, 'नल' म्हणजे किंमत नोंदलेलीच नाही:

८ जानेवारी, लासलगाव, १००० क्विंटल, दर १८००
८ जानेवारी, सोलापूर, ३००० क्विंटल, दर १४००
९ जानेवारी, लासलगाव, ५०० क्विंटल, दर २०००
९ जानेवारी, सोलापूर, ४००० क्विंटल, दर १३००
९ जानेवारी, पिंपळगाव बसवंत, ८०० क्विंटल, दर नल
१० जानेवारी, समिती नल, २०० क्विंटल, दर १५००

पेरलेल्या अडचणी तीन आहेत: मनमाडची आवकच नाही, पिंपळगावचा दर अजून आलेला नाही, आणि शेवटच्या नोंदीत समिती लिहायची राहिली आहे. खऱ्या नोंदींमध्ये हे तिन्ही प्रकार सर्रास भेटतात आणि क्वेरीतल्या बहुतेक चुका यांच्यापाशीच घडतात.

तारखा '२०२४-०१-०८' अशा वर्ष-महिना-दिवस क्रमाने, पण इंग्रजी अंकांत भरा. एसक्यूलाइटला तारखेचा वेगळा प्रकार नाही, तारीख म्हणजे साधा मजकूर. दिवस आधी लिहिला तर '०८-०१-२०२४' ही तारीख '०९-०१-२०२३'च्या आधी लागते, आणि तारखेची फंक्शनं तर सरळ नल परत करतात.

अंकांबाबत मराठीत काम करणाऱ्यांनी विशेष जपायला हवं. क्वेरीत देवनागरी अंकांत १००० लिहिलं तर एसक्यूलाइट त्याला संख्या मानत नाही, कॉलमचं नाव समजतं आणि 'असा कॉलम नाही' अशी चूक देतं. ही चूक निदान दिसते. एखाद्या एक्सेल शीटमधून देवनागरी अंकांतला मजकूर इंटिजर कॉलममध्ये शिरला तर साधं टेबल तो मुकाट्याने मजकूर म्हणून ठेवून घेतं. मग बेरजेत त्याची किंमत शून्य धरली जाते. शिवाय 'क्विंटल > ५००' या अटीत ती ओळ नेहमी बसते, कारण एसक्यूलाइटच्या क्रमात कोणताही मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा. प्रकार बदलून देणारं 'कास्ट'ही मदत करत नाही, त्याचं उत्तर शून्यच येतं. वरच्या टेबलांच्या शेवटी 'स्ट्रिक्ट' लिहिलंय ते यासाठी. तो शब्द असला की असा मजकूर दारातच अडवला जातो. तो ३.३७ पासून चालतो. त्याआधीची आवृत्ती असेल तर भरण्याआधी पायथनच्या 'इंट' फंक्शनमधून आकडा काढून घ्या, त्याला देवनागरी अंक नीट समजतात.

डेटा भरताना 'एक्झिक्यूटमेनी' (अनेक ओळी एकदम भरणारी आज्ञा) वापरा आणि किमतींच्या जागी प्रश्नचिन्हं ठेवा. मजकूर जोडून क्वेरी बनवायची सवय सरावातही लावून घेऊ नका. प्रश्नचिन्हाला एकच किंमत द्यायची असेल तेव्हा हमखास एक गडबड होते. कंसात फक्त "नाशिक" लिहिलं तर पायथन त्याला टपल (किमतींची यादी) मानत नाही, साधा मजकूर मानतो, आणि चूक येते ती अशी की एक किंमत हवी होती, पाच दिल्या. पाच कुठून आल्या? न, काना, श, वेलांटी, क. शब्दानंतर स्वल्पविराम दिला की काम होतं: ("नाशिक",).

हे सगळं, म्हणजे जोडणी, प्राग्मा, टेबलं आणि सहा ओळी, एका फंक्शनमध्ये ठेवा. त्याला 'नवा_डेटाबेस' म्हणा आणि त्यातून जोडणी परत द्या. इथून पुढे काहीही बिघडलं तर दुरुस्त करत बसायचं नाही, फंक्शन पुन्हा बोलवायचं. स्वयंचलित चाचण्या लिहिणार असाल तर प्रत्येक चाचणीला हेच फंक्शन नवी कोरी जोडणी देईल आणि एका चाचणीची घाण दुसरीत जाणार नाही.

आधी उत्तर, मग क्वेरी

सरावाची पद्धत अशी ठेवा. प्रश्न मराठीत लिहा, उत्तर कागदावर काढा, मगच क्वेरी चालवा. जुळलं नाही तर शिकायला मिळालं. खालचे प्रश्न याच सहा ओळींवर आहेत.

*कांद्याचा सरासरी दर किती?* 'सिलेक्ट एव्हीजी(दर) फ्रॉम आवक' ही क्वेरी १६०० सांगते. पाच दरांची बेरीज ८०००, भागिले पाच. नल असलेली ओळ मोजलीच गेली नाही, ते ठीक. पण लासलगावच्या ५०० क्विंटलला आणि सोलापूरच्या ४००० क्विंटलला सारखंच वजन मिळालं. बाजारात जो माल विकला गेला त्याचा सरासरी दर हवा असेल तर वजनी सरासरी काढायला हवी:

सिलेक्ट सम(क्विंटल * दर) / सम(क्विंटल) फ्रॉम आवक;

उत्तर येतं १३१५. दिसायला पटण्यासारखं आहे आणि चूक आहे. वरची बेरीज १,२५,००,००० बरोबर, कारण नलशी गुणाकार नल होतो आणि 'सम' त्याला वगळतं. खालच्या बेरजेत मात्र पिंपळगावचे ८०० क्विंटल मोजले गेले, त्यामुळे भाजक ८,७०० ऐवजी ९,५०० झाला. 'व्हेअर दर इज नॉट नल' जोडा. आता १४३६ येतं. तेही पूर्ण नाही: खरं उत्तर १४३६.७८ आहे. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की एसक्यूलाइट अपूर्णांक टाकून देतं. अंशाला १.० ने गुणा, ही १.० अर्थातच इंग्रजी अंकांत, म्हणजे दशांश टिकतो.

एका साध्या प्रश्नाची १६००, १३१५, १४३६ आणि १४३६.७८ अशी चार उत्तरं निघाली आणि एकदाही चूक झाल्याचा संदेश आला नाही. लाखभर ओळींवर यातलं काहीच लक्षात आलं नसतं.

*किती नोंदी आहेत?* काउंट(*) सहा सांगतं, काउंट(दर) पाच, काउंट(समिती_क्र) पाच. शेवटची दोन पाच वेगवेगळ्या ओळींची आहेत, हे स्वतः बघा.

*कोणत्या समितीत आवकच झाली नाही?* उत्तर मनमाड, हे डोळ्यांना दिसतंय. आता बहुतेक जण लिहितात ती क्वेरी:

सिलेक्ट नाव फ्रॉम समित्या व्हेअर समिती_क्र नॉट इन (सिलेक्ट समिती_क्र फ्रॉम आवक);

निकाल रिकामा. आतल्या यादीत एक नल आहे. 'चार हा नलच्या बरोबरीचा नाही ना?' याचं उत्तर एसक्यूएलमध्ये 'माहीत नाही' असं असतं आणि 'माहीत नाही' असलेली ओळ निकालात येत नाही. एक नल आला की संपूर्ण यादी निरुपयोगी होते. 'नॉट एक्झिस्ट्स' वापरा, त्यात हा त्रास नाही:

सिलेक्ट नाव फ्रॉम समित्या ॲज स व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (सिलेक्ट 1 फ्रॉम आवक ॲज आ व्हेअर आ.समिती_क्र = स.समिती_क्र);

हा दोष एसक्यूलाइटचा नाही. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल अशा इतर डेटाबेसांतही, सगळीकडे हेच होतं. म्हणून ही क्वेरी एकदा हाताने चालवून रिकामा निकाल बघणं फार मोलाचं आहे.

*९ जानेवारीला प्रत्येक समितीत किती आवक झाली? ज्यांची झाली नाही त्याही दाखवा.* लेफ्ट जॉइन लागतो, म्हणजे डावीकडच्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवणारी जोड. तारखेची अट 'व्हेअर'मध्ये लिहिली तर तीन ओळी येतात, मनमाड गळतं. तीच अट 'ऑन'मध्ये 'अँड' लावून लिहिली तर चार येतात. लेफ्ट जॉइनने मनमाडसमोर नल ठेवले, आणि व्हेअरने त्या नल तारखेला अटीत न बसणारी म्हणून बाहेर काढलं. उजवीकडच्या टेबलावरची अट ऑनमध्ये, डावीकडच्या टेबलावरची व्हेअरमध्ये, असा ठोकताळा सुरुवातीला धरा.

*दर आदल्या नोंदीपेक्षा किती बदलला?* 'लॅग' आदल्या ओळीतली किंमत देतं, 'पार्टिशन बाय' ओळींचे गट पाडतं.

सिलेक्ट तारीख, समिती_क्र, दर - लॅग(दर) ओव्हर (पार्टिशन बाय समिती_क्र ऑर्डर बाय तारीख) फ्रॉम आवक;

लासलगावला २००, सोलापूरला उणे १००, बाकी सगळीकडे नल. आता 'पार्टिशन बाय' काढून पुन्हा चालवा. सोलापूरचा दर लासलगावच्या दरातून वजा झालेला दिसेल. विंडो फंक्शन समजायला याहून छोटा प्रयोग नाही.

व्यवहारही इथेच शिकून घ्या. डेटा रॅममध्ये असला तरी 'बिगिन', 'कमिट' आणि 'रोलबॅक' डिस्कवरच्या डेटाबेसप्रमाणेच चालतात. 'व्हेअर' न लिहिता 'डिलीट फ्रॉम आवक' चालवा, ओळी मोजा, रोलबॅक करा, पुन्हा मोजा. पायथनमधलं 'विथ जोडणी:' हे शेवटी कमिट करतं आणि चूक झाली तर रोलबॅक करतं, पण जोडणी बंद करत नाही. ती 'क्लोज'नेच बंद करावी लागते.

'असं टेबल नाही': सगळ्यात जास्त गोंधळाची जागा

टेबल तयार केलं, डेटा भरला आणि दुसऱ्या फंक्शनमधून क्वेरी केली तर उत्तर येतं 'नो सच टेबल'. कारण एवढंच की ':मेमरी:'ला केलेली प्रत्येक जोडणी आपला स्वतंत्र, कोरा डेटाबेस उघडते. एकाच प्रोग्राममधल्या दोन जोडण्यांचंही एकमेकींशी काही नातं नसतं. वेब ॲप्लिकेशनचे फ्रेमवर्क किंवा जोडण्यांचा पूल ठेवणारी लायब्ररी वापरताना हे हमखास घडतं, कारण ती प्रत्येक विनंतीला आपण न सांगता नवी जोडणी काढते.

शक्य असेल तर एकच जोडणी तयार करून ती सगळ्या फंक्शनांना द्या. खरोखर अनेक जोडण्या हव्या असतील तर नाव दिलेला, सामायिक मेमरीतला डेटाबेस वापरा. त्याचा पत्ता असा:

"फाइल:सराव?मोड=मेमरी&कॅश=शेअर्ड"

आणि कनेक्टला सोबत 'यूआरआय=ट्रू' द्या. ते विसरलं तर हा सगळा मजकूर फाइलचं नाव समजला जातो. सामायिक डेटाबेस त्याच प्रक्रियेपुरताच असतो, दुसऱ्या टर्मिनलमधून तो दिसत नाही. शेवटची जोडणी बंद झाली की तो जातो, म्हणून एक जोडणी कामाच्या अखेरपर्यंत उघडी धरून ठेवा.

थ्रेडच्या (एकाच प्रोग्राममधल्या समांतर कामांच्या) बाबतीत वेगळी चूक येते: एका थ्रेडमध्ये काढलेली जोडणी दुसऱ्यात वापरू देत नाही. 'चेक_सेम_थ्रेड=फॉल्स' दिल्यावर वापरू देतं, पण मग लिहिणाऱ्या थ्रेडांना एकामागून एक लावायची जबाबदारी तुमची.

मोठा डेटा आणि इंडेक्स

उत्तरं जुळू लागली की लाखभर ओळी तयार करा. बाहेरून आणायची गरज नाही, रिकर्सिव्ह सीटीईने (स्वतःलाच पुन्हा बोलवणाऱ्या तात्पुरत्या क्वेरीने) १ ते १,००,००० आकडे निघतात आणि त्यांतून ओळी. अशा प्रत्येक आकड्याला एन म्हणू, % म्हणजे भागाकारातली बाकी. समितीसाठी १ + एन % ४, तारखेसाठी २०२३-०१-०१ मध्ये एन % ७३१ दिवस मिळवा (सगळे आकडे इंग्रजीत). 'रँडम' वापरू नका. एसक्यूलाइटच्या रँडमला बीज (सुरुवातीचा ठरावीक आकडा) देता येत नाही, त्यामुळे दर वेळी डेटा बदलतो आणि कालचा निकाल आज पडताळता येत नाही.

७३१ हा आकडा तपासून घेतलेला आहे. ७३० घेतलं असतं तर ४ आणि ७३० या दोघांनाही २ ने भाग जातो, म्हणून प्रत्येक समितीची नोंद एक दिवसाआडच आली असती आणि 'लासलगाव, ९ तारीख' सारख्या निम्म्या जोड्या डेटात कधी दिसल्याच नसत्या. ७३१ आणि ४ यांना सामाईक भाजक नाही, त्यामुळे सगळ्या जोड्या येतात. कृत्रिम डेटा करताना भाजकांचं हे बघत चला.

आता क्वेरीच्या आधी 'एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन' लावा. उत्तरात 'स्कॅन' आलं तर पूर्ण टेबल वाचलं जातंय, 'सर्च ... युजिंग इंडेक्स' आलं तर इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी क्रमवार सूची) कामी येतोय. (समिती_क्र, तारीख) असा जोड-इंडेक्स करा आणि फक्त तारखेवर अट घाला. स्कॅनच येईल, कारण इंडेक्समधला पहिला कॉलम अटीत नाही. मग समितीचीही अट घालून बघा. आणखी एक प्रयोग तारखेच्या स्वतंत्र इंडेक्सवर करा: 'एसटीआरएफटाइम'ने वर्ष काढून तुलना केली तर इंडेक्स वापरला जात नाही. 'तारीख >= २०२४-०१-०१ आणि तारीख < २०२५-०१-०१' अशी सीमा घातली तर वापरला जातो. कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलं की इंडेक्सची वाट बंद होते.

सेकंद मोजून निष्कर्ष काढू नका. इथे डिस्क नाही, त्यामुळे वाईट क्वेरीही चटकन परत येते. प्लॅन वाचा, त्याच्यावर भरवसा ठेवा.

मराठी मजकुराच्या खोड्या

'लेंग्थ' हे अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे कोड मोजतं. 'लासलगाव'ची लांबी ५ नाही, ७ येते, कारण दोन काने वेगळे मोजले जातात.

क्रमवारी कोडच्या क्रमाने लागते आणि युनिकोडमध्ये ळ हे ल आणि व यांच्या मध्ये आहे. त्यामुळे 'ऑर्डर बाय नाव' दिल्यावर मालेगाव, माळशिरस, मावळ असा क्रम येतो. मराठी वर्णमालेप्रमाणे ळ हा ह नंतर, म्हणजे मालेगाव, मावळ, माळशिरस हवा. उपाय छोटा आहे. 'क्रिएट_कोलेशन'ने 'मराठी' या नावाने स्वतःचं तुलनेचं फंक्शन जोडा आणि त्यात तुलनेपूर्वी ळ च्या जागी ह च्या लगेच पुढचा कोड घाला. क्वेरीत 'ऑर्डर बाय नाव कोलेट मराठी' लिहिलं की क्रम बरोबर लागतो. क्ष आणि ज्ञ शेवटी हवे असतील तर त्यांनाही असेच बदली कोड द्यावे लागतील.

'दुसऱ्या' हा शब्द तीन प्रकारे टाइप होऊ शकतो. ऱ एका कोडचा, र आणि नुक्ता अशा दोन कोडचा, किंवा र, हलंत आणि शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखे, डेटाबेसला तिन्ही वेगळे. पहिले दोन पायथनच्या 'युनिकोडडेटा.नॉर्मलाइज'ला 'एनएफसी' देऊन एक होतात. तिसरा होत नाही, तो स्वतः बदलून घ्यावा लागतो. हे काम डेटा भरतानाच करा, क्वेरीत करायला गेलात तर इंडेक्स वाया जातो.

'डेट(नाऊ)' जागतिक वेळेची तारीख देतं. भारतात मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत ती कालचीच असते. सोबत 'लोकलटाइम' लिहा.

प्रोटोटाइप म्हणून वापरताना

खरं काम पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलवर जाणार असेल तर मेमरीतल्या एसक्यूलाइटवर टेबलांची रचना, जॉइन आणि बेरजांचं तर्कशास्त्र पारखून घ्या. काही ठिकाणी मात्र ते तुम्हाला खोटा दिलासा देईल.

'ग्रुप बाय समिती_क्र' करून सोबत तारीख आणि मॅक्स(दर) मागितलं तर एसक्यूलाइट ज्या ओळीत कमाल दर आहे तिचीच तारीख देतं. सोयीचं आहे, पण पोस्टग्रेस ही क्वेरी नाकारतं, आणि मायएसक्यूएलही ५.७ पासून मूळ सेटिंगमध्ये नाकारतं. चढत्या क्रमात एसक्यूलाइट आणि मायएसक्यूएल नल आधी ठेवतात, पोस्टग्रेस शेवटी. 'लाइक' एसक्यूलाइटमध्ये इंग्रजी लहान-मोठी अक्षरं एक मानतं, पोस्टग्रेसमध्ये नाही. दोन उभ्या रेघांनी मजकूर जोडला जातो, पण मायएसक्यूएलमध्ये मूळ सेटिंगला त्याचा अर्थ 'किंवा' असा होतो. दुहेरी अवतरणात नसलेल्या कॉलमचं नाव लिहिलं तर एसक्यूलाइट अनेकदा त्याला मजकूर समजून पुढे जातं, म्हणून मजकुराला नेहमी एकेरी अवतरण द्या.

एकाच वेळी अनेकांनी लिहिणं, ओळीवरचे लॉक आणि वापरकर्त्यांच्या परवानग्या या गोष्टी इथे तपासता येत नाहीत. जिथे ॲप्लिकेशनचा भर यांच्यावर आहे तिथे या सरावावर विसंबू नका. मोठ्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या मजकुराच्या) फायलींचं विश्लेषण हे मुख्य काम असेल तर डकडीबी हा डेटाबेस जास्त सोयीचा, तेही नाव न देता उघडलं की मेमरीतच चालतं आणि सीएसव्हीवर थेट सिलेक्ट करू देतं. जावात हीच जागा एच२ या डेटाबेसची. त्यातही शेवटची जोडणी बंद झाली की डेटा जातो, 'डीबी_क्लोज_डिले=-१' दिलं तर राहतो.

केलेलं काम ठेवायचं असेल तर पायथन ३.७ पासून 'बॅकअप' आहे: फाइलला दुसरी जोडणी करा आणि जोडणी.बॅकअप(फाइल_जोडणी) चालवा. उलट दिशेनेही चालतं, म्हणजे फाइलमधला डेटा मेमरीत ओढून त्यावर बिनधास्त प्रयोग करता येतात आणि मूळ फाइलला धक्का लागत नाही. बॅकअपच्या आधी कमिट करायला विसरू नका. एसक्यूएलच्या स्वरूपात हवं असेल तर 'इटरडंप' टेबलं आणि ओळी पुन्हा तयार करणाऱ्या आज्ञा ओळीओळीने देतं. तो मजकूर पोस्टग्रेसवर जसाच्या तसा चालेल अशी अपेक्षा धरू नका, 'स्ट्रिक्ट' तिथे अडतं. रचना हाताने लिहून घ्या, सहा ओळी भरा आणि कागदावरची तीच उत्तरं तिथेही येतात का बघा.